कोरता येणारा लाव्हा

बेलूर-हळेबीड पाहून आलेली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. तिथल्या मूर्तींच्या गळ्यातल्या माळेचा मणी न मणी सुटा दिसतो, अलंकारांच्या मागच्या पोकळीतही छिन्नी फिरलेली असते, खांबांवर यंत्रातून काढल्यासारखी गोल वळी उठलेली असतात. हे सगळे दगडात जमले कसे? काही जण आणखी पुढे जाऊन विचारतात, की त्या काळी दगड वितळवून साच्यात ओतायची विद्या होती का?

साचा नव्हता. छिन्नी होती, हातोडी होती, घासकाम होते, खांब फिरवून गोल करण्याची सोय होती आणि पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला हात होता. पण या प्रश्नात नकळत एक खरी गोष्ट येऊन जाते. हा दगड एके काळी खरोखरच वितळलेला होता. तो माणसाने वितळवला नव्हता, पृथ्वीने वितळवला होता, आणि तेही ३०० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी. आज जगात कुठल्याही ज्वालामुखीतून येतो त्याहून तो लाव्हा जास्त तप्त होता. असा लाव्हा थिजला की कठीण खडक तयार होतो. मग त्याच खडकाचा छिन्नीला सहज दाद देणारा मऊ दगड कसा झाला? हे समजून घेण्यासाठी आधी ‘मऊ’ म्हणजे काय ते पाहू, आणि मग त्या लाव्ह्याकडे जाऊ.

१. दगडाचा मऊपणा कसा मोजतात?

१८१२ साली फ्रीडरिश मोस या खनिजतज्ज्ञाने एक साधी पद्धत घालून दिली. दोन खनिजे एकमेकांवर घासायची. जे ओरखडा उठवते ते अधिक कठीण. या पद्धतीने त्याने दहा खनिजांची क्रमवारी लावली. सर्वांत कठीण हिरा, त्याचा अंक १०. सर्वांत मऊ टाल्क, त्याचा अंक १. टाल्क म्हणजेच आपल्या बाजारातले संगजिरे. अंगाला लावायच्या पावडरीत तेच असते. फॅब्रिकेशनच्या कारखान्यात लोखंडी पत्र्यावर खुणा करायला पांढऱ्या कांड्या वापरतात, त्याही याच जातीच्या दगडाच्या. जोडकामाच्या उष्णतेतही त्यांची रेघ पुसली जात नाही.

आपल्या नखाची कठीणता सुमारे अडीच आणि पोलादी पात्याची सुमारे साडेपाच. आता महाराष्ट्रातला काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट घ्या. त्यातली मुख्य खनिजे फेल्डस्पार आणि पायरोक्सीन, आणि त्यांची कठीणता पाच ते सहा. म्हणजे बेसाल्ट कोरताना छिन्नी आणि दगड जवळजवळ तोडीस तोड असतात. अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर आणि वेरूळचे कैलास लेणे अशा दगडात घडले आहे, ही त्या कारागिरांची थोरवीच आहे. बेलूर-हळेबीडची मंदिरे उभारणाऱ्या होयसळांच्या शिल्पींपुढचा दगड मात्र दोन ते चारच्या आसपासचा होता. छिन्नी त्याच्यापेक्षा स्पष्टपणे कठीण होती. त्यामुळे कपची उडण्याची भीती कमी आणि बारीक कामाची मुभा जास्त.

कन्नडमध्ये या दगडाला ‘बळपद कल्लु’, म्हणजे पाटीच्या पेन्सिलीचा दगड म्हणतात. भूशास्त्रज्ञ त्याला सोपस्टोन म्हणतात आणि त्यात क्लोराइट हे हिरवट खनिज जास्त असेल तर क्लोराइट शिस्ट. शिस्ट म्हणजे दाबाखाली पापुद्रे पडलेला खडक.

२. मऊपणा नेमका कुठे असतो?

टाल्क मऊ असते म्हणजे त्यातले अणू ढिले बांधलेले असतात, असा समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. टाल्कमधले अणू आपापल्या थरात घट्ट बांधलेले असतात. कमजोरी असते ती थराथरांमध्ये.

त्यासाठी पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा. वर पारी, खाली पारी, मध्ये पुरण. टाल्कचा एक थर नेमका असाच असतो. दोन्ही पाऱ्या सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या, मधले पुरण मॅग्नेशियमचे. त्या पुरणातच हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या जोड्या असतात, म्हणजे एका अर्थी पाणीच बांधून ठेवलेले असते. एक पोळी अखंड आणि चिवट असते. पण तूप लावलेल्या पोळ्यांच्या चवडीत वरची पोळी खालचीला चिकटलेली नसते. जरासा धक्का दिला की ती घसरते. टाल्क बोटांना गुळगुळीत, तुपकट लागते ते यामुळेच. आपल्या बोटाखाली असंख्य सूक्ष्म पोळ्या एकमेकींवरून घसरत असतात.

हेच चित्र आणखी दोन खनिजांना लागू पडते आणि पुढे त्याचा फार उपयोग होणार आहे. सर्पेंटाइन नावाच्या खनिजात पुरणाला एकाच बाजूने पारी असते. दुसरी बाजू उघडी. अशी एकपारी पोळी सपाट राहायला कुरकुरते, कधी कधी गुंडाळते. त्या गुंडाळीतूनच क्रायसोटाइल जातीचे ॲस्बेस्टॉस तंतू तयार होतात. क्लोराइटमध्ये पोळी दोन पाऱ्यांचीच असते, पण दोन पोळ्यांच्या मध्ये आणखी एक थर अडकलेला असतो. तो थर पोळ्यांना थोडेफार धरून ठेवतो. म्हणून क्लोराइट टाल्कपेक्षा किंचित कठीण असते आणि त्याला तसा गुळगुळीतपणा नसतो.

हिशोब लक्षात ठेवायचा तो एवढाच: एका पुरणात मॅग्नेशियमचे तीन अणू, एका पारीत सिलिकॉनचे दोन. म्हणून सर्पेंटाइनमध्ये तीनास दोन आणि टाल्कमध्ये तीनास चार.

३. नुग्गेहळ्ळीचा अरुंद पट्टा

हासन जिल्ह्यात चन्नरायपट्टण तालुक्यात नुग्गेहळ्ळी नावाचे गाव आहे. कलेच्या इतिहासात ते ओळखले जाते तिथल्या लक्ष्मीनरसिंह मंदिरामुळे. होयसळ राजा सोमेश्वर याचा सेनापती बोम्मण्ण दंडनायक याने ते १२४६ साली उभारले. तिथल्या मूर्तींवर मल्लितम्म या शिल्पकाराची सही आहे, आणि तीच सही सोमनाथपूरच्या केशव मंदिरातही अनेक ठिकाणी सापडते. भूशास्त्राच्या ग्रंथांतही याच गावाचे नाव वारंवार येते, पण वेगळ्या कारणाने. या गावाच्या परिसरातून अतिप्राचीन ज्वालामुखी खडकांचा एक पट्टा जातो, त्याला नुग्गेहळ्ळी पट्टा म्हणतात.

हा पट्टा लांबीला सुमारे ६० किलोमीटर, पण रुंदीला जेमतेम एक-दोन किलोमीटर. नकाशावर वायव्येकडून आग्नेयेकडे ओढलेल्या रेघेसारखा तो दिसतो. त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल पसरलेला आहे नाइस नावाचा करड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा खडक. बंगळूरच्या लालबागेतली टेकडी याच खडकाची. त्या करड्या विस्तारात नुग्गेहळ्ळीसारखे गडद हिरवे पट्टे मधूनमधून येतात. होळेनरसीपूर आणि कृष्णराजपेट इथलेही पट्टे याच जातीचे. हिरव्या रंगामुळे त्यांना हरितपाषाण पट्टे म्हणतात, आणि हा रंग क्लोराइट, सर्पेंटाइन यांसारख्या खनिजांमुळे येतो.

हे पट्टे आणि त्यांभोवतीचे नाइस मिळून दक्षिण भारताचा जो पाया होतो त्याला धारवाड खंडगाभा म्हणतात. नुग्गेहळ्ळीसारख्या पट्ट्यांतले सर्वांत जुने खडक साधारण ३१० ते ३३५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. सह्याद्रीचा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे आपण ज्याला प्राचीन कातळ म्हणतो, त्याच्यापेक्षा हा खडक जवळजवळ ५० पट जुना आहे. बेसाल्टचे थर दक्षिणेकडे बेळगावच्या आसपास संपतात आणि त्यांच्याखालून हा जुना पाया वर येतो.

४. आज कुठेच न वाहणारा लाव्हा

१९६९ साली दक्षिण आफ्रिकेत मॉरिस आणि रिचर्ड व्हिल्यून या भावांनी कोमाटी नदीच्या खोऱ्यातल्या काही विचित्र खडकांचे वर्णन केले. त्यांत मॅग्नेशियम इतके भरपूर होते, की तोवरच्या समजुतीप्रमाणे असा खडक लाव्हा म्हणून वाहून येणे शक्यच नव्हते. पण खडकाची ठेवण सांगत होती, की तो लाव्हाच होता. नदीच्या नावावरून त्याला कोमाटिआइट म्हणू लागले. पुढे असे खडक ऑस्ट्रेलियात, कॅनडात आणि कर्नाटकातही ओळखले गेले.

यात एवढे नवल काय? लाव्ह्यात मॅग्नेशियम जितके जास्त, तितकी तो वितळलेला ठेवायला उष्णता जास्त लागते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडचे प्रमाण साधारण सहा टक्क्यांच्या आसपास, आणि असा लाव्हा ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला वाहतो. कोमाटिआइटमध्ये हे प्रमाण किमान १८ टक्के, पुष्कळदा २५ टक्क्यांहून जास्त. त्यासाठी तापमान १६०० अंशांच्या घरात लागते. एवढा तप्त लाव्हा अतिशय पातळ असतो. तो भराभर दूरवर पसरतो.

पृथ्वी तरुण असताना तिच्या पोटात हे तापमान होते. तिच्या जन्माच्या वेळची उष्णता बरीच शिल्लक होती आणि किरणोत्सारी मूलद्रव्येही आजच्यापेक्षा जास्त असल्याने त्यांच्या ऱ्हासातून अधिक उष्णता मिळत होती. पुढे पृथ्वीचे अंतरंग निवत गेले. २५० कोटी वर्षांपूर्वीनंतरचे कोमाटिआइट फार विरळ आहेत. कोलंबियाच्या गोर्गोना बेटावरचे सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचे उदाहरण हा प्रसिद्ध अपवाद. आज पृथ्वीवर असा लाव्हा कुठेच वाहत नाही.

हे खडक ओळखण्याची एक डोळ्यांना दिसणारी खूण आहे. तप्त लाव्हा झपाट्याने थिजला, की त्यातले ऑलिव्हीन हे खनिज गोलसर दाण्यांऐवजी लांबलचक पात्यांच्या रूपात वाढते. खडकाच्या पृष्ठभागावर आडव्यातिडव्या गवताच्या काड्या उमटल्यासारख्या दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या एका काटेरी गवतावरून या ठेवणीला स्पिनिफेक्स म्हणतात. चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या घट्टिहोसहळ्ळी इथे अशी ठेवण नोंदलेली आहे.

नुग्गेहळ्ळी पट्ट्यात सगळाच शिलारस पृष्ठभागावर आला नाही. काही भाग खडकांच्या थरांतच शिरला आणि तिथे सावकाश थंड झाला. तेव्हा क्रोमाइट या क्रोमियमयुक्त खनिजाचे जड काळे स्फटिक तळाशी साचत गेले. बैरापूरच्या क्रोमाइट खाणी या साठ्यांवरच चालल्या. क्रोमियमचे हे अस्तित्व लक्षात ठेवा. दगडाचे मूळ शोधताना पुढे ते साक्षीला येणार आहे.

५. पहिला बदल: पाणी मुरते

कोमाटिआइटमधले मुख्य खनिज ऑलिव्हीन. त्याची कठीणता साडेसहा ते सात, म्हणजे पोलादी छिन्नीपेक्षा जास्त. त्यात पोळ्या नाहीत, पापुद्रे नाहीत, पाणीही नाही. पण त्याचा एक स्वभाव आहे: ते खोलवरच्या उष्णतेत तयार झालेले असल्याने पृष्ठभागाजवळच्या थंड, ओल्या जगात ते टिकून राहत नाही. पाणी मिळाले की बदलू लागते.

त्या काळी पाणी तर सगळीकडेच होते. धारवाड प्रदेशातले पुष्कळ लाव्हे समुद्राच्या तळावर ओतले गेले. चित्रदुर्गजवळच्या मरडीहळ्ळी इथे त्याचा पुरावा उघड्यावर पाहता येतो. तप्त लाव्हा पाण्यात शिरला, की त्याचा बाहेरचा भाग लगेच थिजतो आणि गोलसर लोड तयार होतात. तसे लोड तिथे एकावर एक रचलेले आहेत. ते नुग्गेहळ्ळीच्या खडकांपेक्षा वयाने लहान आहेत, पण या प्रदेशात लाव्हा आणि समुद्र यांची गाठ पडत होती हे ते सांगतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले आहे.

तापलेले पाणी भेगांतून खडकात शिरले आणि ऑलिव्हीनचे रूपांतर सर्पेंटाइनमध्ये होऊ लागले. किती पाणी लागत असेल? शुद्ध मॅग्नेशियमयुक्त ऑलिव्हीन १०० किलो घेतले, तर त्याचे पूर्ण रूपांतर होताना सुमारे १९ किलो पाणी त्याच्या स्फटिकांत बांधले जाते. हे पाणी ओल म्हणून राहत नाही. खडक उन्हात कितीही वाळवला तरी ते निघत नाही, कारण ते आता खनिजाचा घटक झालेले असते. खडक फुगतो, हलका होतो आणि मऊही होतो. ऑलिव्हीनमध्ये थोडे लोहही असते. त्याला सर्पेंटाइनमध्ये पुरेशी जागा मिळत नाही, म्हणून त्यातले बरेचसे लोह मॅग्नेटाइटच्या बारीक काळ्या कणांच्या रूपाने वेगळे होते. अशा दगडाजवळ चुंबक नेला तर तो किंचित ओढला जातो, तो या कणांमुळे.

लाव्हा आता एकपारी पोळ्यांचा खडक झाला. टाल्क होण्यासाठी अजून एक पायरी बाकी आहे.

६. दुसरा बदल: दोन वाटांनी संगजिरे

एकपारी पोळीची दोनपारी करायची असेल, तर दोन उपाय आहेत. एक तर बाहेरून जादा पारी आणायची, नाहीतर दोन पोळ्या घेऊन एकीतले पुरण काढून टाकायचे आणि तिची मोकळी पारी दुसरीवर झाकायची. निसर्गाने दोन्ही उपाय केले.

पहिली वाट सिलिकाची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाची. हरितपाषाण पट्ट्यांच्या कडेला नाइस आणि ग्रॅनाइट असतात, आणि त्यांत सिलिका भरपूर असते. खडक दाबाखाली आणि उष्णतेत असताना दोहोंच्या सीमेवरून गरम द्रव फिरतात. ते आपल्याबरोबर सिलिका आणतात. सर्पेंटाइनला ती मिळाली की जादा पारी लागते, थोडे पाणी बाहेर पडते आणि टाल्क तयार होते.

दुसरी वाट कार्बन डायऑक्साइडची. खोलवरच्या द्रवांत हा वायू विरघळलेला असतो. त्याला मॅग्नेशियमची ओढ असते. सर्पेंटाइनशी गाठ पडली, की तो निम्मे मॅग्नेशियम स्वतःकडे खेचतो आणि मॅग्नेसाइट हे कार्बोनेट बनवतो. सिलिकॉनला तो हात लावत नाही. उरलेल्या निम्म्या मॅग्नेशियमच्या वाट्याला आता दुप्पट सिलिकॉन येते. तीनास दोन होते, ते तीनास चार झाले. म्हणजेच टाल्क. ही घडामोड साधारणपणे ३०० ते ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास, जमिनीखाली काही किलोमीटर खोलीवर होते.

याचा किलोंत हिशोब मांडू:

१०० किलो सर्पेंटाइन + २४ किलो कार्बन डायऑक्साइड
= ६८ किलो टाल्क + ४६ किलो मॅग्नेसाइट + १० किलो पाणी

दोन्हीकडे बेरीज १२४. घन पदार्थांपुरते पाहिले तर ६८ आणि ४६, म्हणजे ढोबळमानाने ६० टक्के टाल्क आणि ४० टक्के मॅग्नेसाइट. कागदावरचा हा हिशोब खऱ्या खडकाशी जुळतो का? पूर्व फिनलंडमध्ये युका परिसरात सुमारे २८० कोटी वर्षांपूर्वीच्या हरितपाषाण पट्ट्यातून सोपस्टोन काढतात. त्यात टाल्क आणि मॅग्नेसाइट जवळपास निम्मे निम्मे असतात आणि थोडे क्लोराइट असते. प्रत्यक्षातल्या खडकाची सुरुवात शुद्ध सर्पेंटाइनपासून होत नाही, म्हणून आकडे थोडे सरकतात. पण घडण तीच आहे, हे उघड दिसते.

दोन्ही वाटांचे ठसे एकाच खडकात शेजारी शेजारी सापडू शकतात. अशा खडकाचा एखादा फुगीर तुकडा मधोमध कापला गेला असेल, तर आतून बाहेर येताना अनुक्रम असा दिसतो: गाभ्यात गडद हिरवे सर्पेंटाइन, त्याभोवती टाल्क आणि कार्बोनेट यांचा राखाडी पट्टा, त्याबाहेर जवळजवळ शुद्ध टाल्कचा फिकट पट्टा, मग क्लोराइटची काळसर हिरवी कड आणि शेवटी नाइस. बदल कडेकडून आत सरकत गेला, पण गाभ्यापर्यंत पोचलाच नाही. खडकाच्या कापलेल्या तोंडावर कोट्यवधी वर्षांची घडामोड अशी क्रमाने मांडलेली असते.

७. मंदिराचा दगड शुद्ध संगजिरे का नाही?

मग होयसळांनी सर्वांत मऊ, सर्वांत शुद्ध टाल्क का निवडले नाही? कारण ते मंदिराच्या कामाचे नाही. शुद्ध टाल्कचा खांब भार सोसणार नाही आणि येता-जाता हात लागून मूर्तीचे नाक झिजेल. मंदिरासाठी कोरता येईल इतका मऊ आणि उभा राहील इतका भक्कम दगड लागतो. हा तोल मिश्र खडकात साधतो. त्यात टाल्कबरोबर क्लोराइट असते. मूळ लाव्ह्यातले ॲल्युमिनियम त्यात सामावले जाते, म्हणून लाव्ह्यात ॲल्युमिनियम जितके जास्त, तितके क्लोराइट जास्त. शिवाय अँफिबोल या कठीण खनिजाच्या सुया आणि कार्बोनेटचे दाणे एकमेकांत गुंतून दगडाला धरून ठेवतात.

दाण्यांचा बारीकपणाही तितकाच महत्त्वाचा. दाणे मोठे असतील, तर मण्याएवढी नक्षी कोरताना अख्खा दाणाच निसटून येतो. दाणे सूक्ष्म आणि एकसारखे असतील, तर छिन्नी ज्या दिशेने न्यावी त्या दिशेने रेघ उमटते. पापुद्र्यांची दिशा हा तिसरा मुद्दा. शिस्टमध्ये पापुद्रे एकाच दिशेने पडलेले असतात, आणि त्या दिशेने दगड फुटू शकतो. म्हणून शिल्पीला दगड पाहताच पापुद्रे कुठल्या अंगाला आहेत, हे कळावे लागते. हे ज्ञान पुस्तकातले नव्हते. ते बोटांत होते आणि ते खरे भूशास्त्र होते.

बेलूरचे चेन्नकेशव मंदिर १११७ सालचे. बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण यांची नावे तिथल्या मूर्तींखाली कोरलेली आहेत. ९०० वर्षे ऊन-पाऊस झेलून तिथल्या मूर्तींच्या बोटांची नखेदेखील ओळखू येतात. मऊ दगड इतका टिकला कसा? कारण कठीणपणा आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत. ग्रॅनाइट कठीण असतो, पण त्यातल्या फेल्डस्पारची हवा-पाण्याने हळूहळू माती होते. टाल्क आणि क्लोराइट पाण्याच्या साहाय्यानेच घडलेली खनिजे. पाण्याने व्हायचा मोठा बदल त्यांच्यात आधीच होऊन गेलेला असतो. शिवाय अशा घट्ट विणीच्या दगडात छिद्रे कमी असल्याने पावसाचे पाणी आत मुरत नाही. या दगडाला खरा धोका ओरखड्याचा असतो. म्हणून भिंतीवर किल्लीने नाव कोरणारा पर्यटक तिथे पावसापेक्षा अधिक नुकसान करतो.

८. उलटा प्रयोग: पाणी काढून घेतले तर?

मऊपणा पाण्यामुळे येतो, हे खरे असेल तर पाणी काढून घेतल्यावर कठीणपणा परत यायला हवा. हा प्रयोग भारतीय उपखंडात साडेचार हजार वर्षांपूर्वी करून झाला आहे. सिंधू संस्कृतीच्या प्रसिद्ध मुद्रा संगजिऱ्याच्या आहेत. कारागीर मऊ दगडावर प्राणी आणि अक्षरे कोरत आणि मग मुद्रा भट्टीत भाजत. ८०० अंशांच्या पुढे टाल्क आपल्यातले बांधलेले पाणी सोडू लागते. पोळ्यांची रचना मोडते आणि एन्स्टॅटाइट हे कठीण खनिज तयार होते. नखाने ओरखडा उठणारी वस्तू मग पोलादी पात्यालाही सहज दाद देत नाही. मऊ असताना कोरायचे आणि नंतर कठीण करायचे, अशी ही सोय होती.

९. मूळ कसे ओळखावे?

सगळेच संगजिरे लाव्ह्यापासून होत नाही. डोलोमाइट या गाळाच्या खडकात मॅग्नेशियम असते. त्याला गरम द्रवातून सिलिका मिळाली, तरी टाल्क तयार होते. भारतात संगजिऱ्याच्या उत्पादनात राजस्थान आघाडीवर आहे आणि तिथले काही साठे अशा डोलोमाइटमधले आहेत. दोन्ही प्रक्रियांत एक मोठा फरक आहे: सर्पेंटाइन कार्बन डायऑक्साइड आत घेते, तर डोलोमाइट टाल्क होताना तो बाहेर सोडते.

हातात आलेला दगड कोणत्या घराण्यातला, हे प्रयोगशाळेत सांगता येते. लाव्ह्यापासून झालेल्या दगडात क्रोमियम आणि निकेल दहा लाखांत हजार-दोन हजार भाग इतके असते. डोलोमाइटपासून झालेल्यात ते नगण्य असते. पाणी आले, वायू आला, खनिजे सगळी बदलली, तरी हे दोन धातू जागचे फारसे हलले नाहीत. लाव्हा नाहीसा झाला, पण त्याची सही राहिली.

महाराष्ट्रातही या जुन्या जगाचे तुकडे आहेत. सिंधुदुर्गात कणकवलीजवळ वागदे आणि जानवली इथे मॅग्नेशियमयुक्त खडकांत क्रोमाइट सापडते. गोव्यातल्या लोहखनिजाचे डोंगर धारवाड खंडगाभ्याच्याच खडकांतले आहेत. जगाच्या नकाशावरही प्राचीन खडकांच्या प्रदेशांत हा दगड कलेच्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात कोंगोन्यास इथले बायबलमधल्या बारा संदेष्ट्यांचे पुतळे सोपस्टोनचे आहेत. रिओच्या १९३१ सालच्या ख्रिस्ताच्या पुतळ्याला बाहेरून याच दगडाच्या छोट्या फरशांचे आवरण आहे. ग्रेट झिंबाब्वेच्या अवशेषांत सापडलेले पक्षीही सोपस्टोनचेच.

१०. या दगडाकडून आज काय शिकायचे?

सहाव्या भागातला हिशोब पुन्हा पाहा. १०० किलो खडकाने २४ किलो कार्बन डायऑक्साइड कायमचा पोटात घेतला. हवेत वाढत चाललेल्या या वायूचे काय करायचे, या काळजीत असलेल्या शास्त्रज्ञांना ही प्रक्रिया महत्त्वाची वाटणे साहजिक आहे. आइसलंडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ साली पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडला गेला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड होऊन बसला होता. तिथे तयार झाले ते मुख्यतः कॅल्शियमचे कार्बोनेट, पण तत्त्व तेच. ओमानमधल्या ऑलिव्हीनयुक्त खडकांतही असे अभ्यास चालू आहेत. निसर्गात ही प्रक्रिया कशी, किती आणि कुठे थांबली, याची सविस्तर नोंद नुग्गेहळ्ळीसारख्या पट्ट्यांच्या खडकात आहे.

२०२३ साली बेलूर, हळेबीड आणि सोमनाथपूरच्या मंदिरांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्या मंदिरांचे जतन करायला कायदा आहे, पहारा आहे, अभ्यासक आहेत. त्यांच्या दगडाची जन्मकथा ज्या उघड्या माळांवर आणि ओढ्यांच्या काठांवर वाचता येते, त्या जागांनाही तसेच संरक्षण मिळायला हवे. मरडीहळ्ळीच्या लोडांना ते मिळाले; कोमाटिआइटच्या गवती खुणा असलेल्या खडकांचा हक्क त्याहून कमी नाही. मोडलेल्या मूर्तीची प्रतिकृती एखादा कुशल शिल्पी आजही घडवू शकेल. तो मूळ लाव्हा मात्र पुन्हा मिळणार नाही, कारण तो वितळवण्याइतकी उष्णता आता पृथ्वीच्या पोटात उरलेली नाही. खाणीसाठी, खडीसाठी किंवा रस्त्यासाठी असा माळ फोडण्याआधी एखाद्या भूशास्त्रज्ञाला तो दाखवावा, त्याची नोंद करावी आणि त्यातला थोडा तरी भाग राखून ठेवावा. गावाच्या ग्रामसभेला, तालुक्याच्या शाळेला आणि जिल्ह्याच्या प्रशासनाला हे आजच्या आज करता येईल.